नर्सिंग शिकता शिकता सहाय्यकाचं काम: इंदूरमध्ये कुठे आणि कसं मिळेल?

फूटीकोठीची_मुलगी | ८ जून, रात्री १०.४२

नमस्कार. मी सुदामा नगरात राहते, जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा कापड मार्केटमध्ये एका पेढीवर मुनीम होते. मालकांच्या मुलांमध्ये वाटणी झाली, दुकान बंद झालं आणि मार्चपासून बाबा घरी आहेत. यंदाच्या फीचा पहिला हप्ता भरून झालाय, दुसरा दिवाळीपर्यंत भरायचाय. भाऊ दहावीत आहे, त्याची शिकवणी बंद करायची नाही असं मी आणि आईने ठरवलंय.

मला नर्सिंग असिस्टंटचं काम हवंय. कॉलेज नऊ ते चार असतं, क्लिनिकल पोस्टिंग (रुग्णालयातलं प्रत्यक्ष शिक्षण) असेल तेव्हा सकाळी सातलाच बस पकडावी लागते. म्हणजे संध्याकाळ, शनिवारची दुपार आणि रविवार एवढंच हातात उरतं. आजीला अर्धांगवायू झाला होता तेव्हा तिचं सगळं दोन वर्षं मीच केलंय. अंघोळ, भरवणं, कपडे, सगळं. त्यामुळे कामाची लाज किंवा किळस नाही. पण विचारायचं कुठे, आणि अभ्यास सांभाळून हे जमतं का, ते कळत नाहीये. कुणी केलं असेल तर सांगा.

मालव्याची_लेक | ८ जून, रात्री ११.०५

+१. मी बीएससी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मलाही हेच विचारायचं होतं. धागा वाचते आहे.

दुपारची_पाळी | ९ जून, सकाळी ७.२०

दोन वर्षांपूर्वी मीही असंच विचारत फिरत होते, आता एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'नर्सिंग असिस्टंट पाहिजे' अशी पाटी शोधत बसू नकोस. आपल्याकडे त्याच कामाला कुठे आया म्हणतात, कुठे वॉर्ड अटेंडंट, कुठे पेशंट केअर. मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातीत जीडीए लिहिलेलं असतं, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट. मोठ्या ठिकाणी ही माणसं बहुतेक ठेकेदारामार्फत घेतात. ठेकेदाराला पूर्ण महिन्याचा, पूर्ण पाळीचा माणूस हवा असतो, चार तासांची मुलगी त्याच्या कामाची नाही. तू वीस-तीस खाटांची नर्सिंग होम्स बघ. गीता भवन, ओल्ड पलासिया, साऊथ तुकोगंज इकडे पायी फिरलीस तरी एका सकाळीत सात-आठ होतील. तुझ्या घराजवळ अन्नपूर्णा आणि महू नाक्याकडेही आहेत, येण्याजाण्याचा विचार करता आधी तीच बघ. रात्री आठला सुटून फूटी कोठीपर्यंत यायचंय हे डोक्यात ठेव.

जायची वेळ सकाळी अकरा-साडेअकराची, डॉक्टरांचा राउंड आटोपल्यावर. काउंटरवर बायोडाटा ठेवून निघू नकोस, तो तिथेच पडून राहतो. मेट्रन किंवा नर्सिंग इन्चार्ज कोण आहेत ते विचार आणि त्यांनाच भेट. पाळ्या साधारण सकाळी आठ ते दोन, दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा असतात. तू सरळ सांग की शनिवार दुपार आणि रविवार पूर्ण मी देऊ शकते. रविवारी सगळीकडे माणसं कमी पडतात, त्यामुळे ते ऐकून घेतात.

जीडीएचं प्रमाणपत्र कुणी मागितलं तर घाबरू नकोस. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा तो काही महिन्यांचा कोर्स आहे, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून फुकटही होतो. बारावीनंतर लगेच कामाला लागायचंय त्यांच्यासाठी तो चांगलाच आहे. तुझं मात्र ते सगळं पहिल्या वर्षाच्या नर्सिंग फाउंडेशनमध्ये येऊन गेलंय. त्यासाठी पुन्हा महिने घालवू नकोस, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि कॉलेजचं ओळखपत्र दाखव.

आणि हजेरी. परीक्षेला बसायला ८० टक्के लागते, आणि प्रॅक्टिकलचे तास तर शेवटी पूर्ण १०० टक्के भरून द्यावे लागतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आठवड्यात चार रात्रपाळ्या धरल्या होत्या. पैसे मिळाले, पण सकाळच्या पोस्टिंगला ती भिंतीला टेकून झोपायची. पुढे तिला सुट्टीत ते तास भरून काढावे लागले, आणि त्यात कामही गेलं. रात्रपाळी धरायचीच तर फक्त शनिवारची.

निवृत्त_सिस्टर | ९ जून, दुपारी ३.१५

बाळ, मी सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं काढली, शेवटची नऊ वॉर्ड सिस्टर म्हणून. वर दुपारची_पाळीने बरंच सांगितलंय, त्यात मला एकच गोष्ट ठळक करून सांगायची आहे. सहाय्यक म्हणून जा आणि सहाय्यकाचंच काम कर. राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे तुझी नोंदणी होईपर्यंत तू नर्स नाहीस, मग कॉलेजात तू कितीही हुशार असलीस तरी. इंजेक्शन, सलाईन, कॅथेटर घालणं, नाकातून पोटात राइल्स ट्यूब टाकणं, यातलं काहीही नोकरीच्या ठिकाणी एकटीने करायचं नाही. कॉलेजच्या पोस्टिंगमध्ये ट्यूटर शेजारी उभ्या असतात, ते शिक्षण आहे. पगारावर गेलीस की ती सावली नसते.

आता तुला वाटेल, मग उरलं काय? बेडपॅन आणि चादरी? तर ऐक. माझ्याकडे नव्या मुली आल्या की पहिला आठवडा मी त्यांना स्पंजिंगच, म्हणजे पलंगावरच पेशंटचं अंग पुसणं, करायला लावायची. पाणी कोपराने बघायचं, बोटांनी नाही, कारण काम करून बोटं बधिर झालेली असतात. एका वेळी एकच हात उघडा करायचा, बाकी अंग झाकलेलं. हात मनगटाकडून खांद्याकडे पुसत न्यायचा. पाठ पुसताना चादरीची सुरकुती ताणून काढायची, कारण हलता न येणाऱ्या माणसाला ती सुरकुती रात्रभर टोचते आणि त्याला सांगताही येत नाही. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरं रोज बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचं. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर तिथे बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झालाय, लगेच सिस्टरला सांगायचं. हे डॉक्टरांच्या राउंडमध्ये दिसत नाही. जी पाठ पुसते तिलाच दिसतं.

मी कित्येक नर्सेस पाहिल्या, शिरेत सुई अगदी सफाईने जाते, पण पेशंटला कुशीवर वळवताना त्याचा लुळा हात अंगाखाली अडकला आहे हे लक्षात येत नाही. ज्या मुली आयाबाईंबरोबर राबून शिकल्या त्यांच्या हातून हे होत नाही. तुझ्या आजीचं केलंस ना? मग तू कोरी पाटी नाहीसच.

कॉलेजच्या प्राचार्यांना सांगून ठेव. काही कॉलेजांचा बाहेरच्या कामाला विरोध असतो, नंतर कळून बोलणी खाण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तुम्ही ज्या प्रवर्गात असाल त्याप्रमाणे पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती बसते का तेही ऑफिसात विचार. मुली नोकरी शोधायला धावतात आणि शिष्यवृत्तीची तारीख निघून जाते, हे मी फार वेळा पाहिलंय.

राजेंद्रनगरकर | ९ जून, रात्री ९.३०

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमच्या आईला स्मृतिभ्रंश आहे, वय ८३. तीन वर्षं घरी अटेंडंट ठेवतोय. आई जन्मभर उत्तम हिंदी बोलली, शाळेत शिकवायची, पण गेल्या वर्षापासून हिंदी तिच्यातून निघूनच गेली. आता फक्त मराठी, तीही तिच्या माहेरची. अटेंडंट ताई चांगली होती, पण 'अम्मा, करवट लो' म्हटलं की आई घाबरून हात झटकायची. मग माझी बायको जवळ जाऊन 'आई, कुशीवर वळा हं' म्हणायची आणि आई लगेच वळायची. तेच काम, तीच वेळ, फक्त शब्द कळले.

राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, तिलक नगर, सगळीकडे अशी म्हातारी माणसं आहेत. मुलं पुण्यात, बंगळूरला, अमेरिकेत. मराठी बोलणारी, थोडं शिकलेली मुलगी संध्याकाळी तीन-चार तास आली तर लोक हातचं सोडत नाहीत. गणेशोत्सव मंडळांच्या आणि कॉलनीच्या व्हॉट्सअॅप गटांवर एखाद्या ओळखीच्या काकूंकडून निरोप टाका. ब्यूरोपेक्षा (घरी अटेंडंट पुरवणाऱ्या एजन्सीपेक्षा) ते बरं, मधला माणूस नाही.

फूटीकोठीची_मुलगी | १० जून, सकाळी ६.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं स्पंजिंगचं आईला वाचून दाखवलं. शिष्यवृत्तीचं आजच विचारते.

थांबलेली_बॅच | १० जून, रात्री १०.५०

मी २०२०-२१ ला प्रवेश घेतलेल्यांपैकी. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांचं प्रकरण, सोयी नसलेल्या कॉलेजांनाही मान्यता दिल्याचं, सगळ्यांना माहीत आहे. २०२३ मध्ये परीक्षा तोंडावर आली असताना उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने स्थगिती दिली, पुढे कॉलेजांची सीबीआय चौकशी सुरू झाली आणि आम्ही पहिल्याच वर्षात अडकून राहिलो. ज्या मुलींनी कॉलेजचा दारवठाही नीट पाहिला नव्हता त्यांच्याबरोबर आम्ही रोज पोस्टिंगला जाणाऱ्याही थांबलो. तो राग अजून गेलेला नाही.

पण त्या काळात मी एका नर्सिंग होममध्ये सहाय्यक म्हणून लागले. घरच्यांना वाटायचं, मुलगी नर्स व्हायला गेली आणि आया झाली. माझ्या मामाने तर लग्नाच्या गोष्टीत माझं काम सांगू नका म्हणून आईला बजावलं होतं. मी मात्र तिथेच टिकले. एक प्रसूतीनंतरची बाई होती, मी तिचं पॅड बदलायला गेले तर तासाभरात तिसऱ्यांदा पूर्ण भिजलं होतं. ती म्हणाली, ठीक आहे, होतं असं. मी धावत सिस्टरना सांगितलं. पुढचं सगळं त्यांनी आणि डॉक्टरांनी केलं, मी काहीच केलं नाही, फक्त मोजलं होतं. पण ते मोजणं मला पुस्तकात वाचून कळलं नसतं.

एक विनंती या धाग्यावरच्या सगळ्यांना. प्रवेश घेण्याआधी कॉलेजला राज्याच्या कौन्सिलची आणि विद्यापीठाची त्या वर्षाची मान्यता आहे का, ते स्वतः बघा. एजंटवर जाऊ नका.

फूटीकोठीची_मुलगी | २१ जून, रात्री ११.३०

धागा वर काढते. गेल्या दहा दिवसांत बरंच झालं.

चार नर्सिंग होममध्ये गेले, दोघांनी नंबर लिहून घेतला, दोघांनी नाही म्हटलं. तेवढ्यात वर्गातल्या मैत्रिणीने एका ब्यूरोचं सांगितलं आणि मी गेले. राजेंद्रनगरकर काका, तुम्ही सांगितलं होतं तरी गेले, कारण फीची तारीख डोळ्यांसमोर होती. तिथे बारावीची मूळ गुणपत्रिका ठेवून घ्यायला मागत होते. ती मी दिली नाही, झेरॉक्स दिली.

संध्याकाळी पाच ते नऊचं काम मिळालं. आजोबा, वय ७८, पक्षाघातानंतर डावी बाजू लुळी. घरची माणसं चांगली. पहिल्या दिवशी पाय पुसताना डाव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग दिसला. सिस्टर, मी तुम्ही सांगितलं तसं दाबून पाहिलं. फिका पडेना. सूनबाईंना दाखवलं, त्यांना वाटलं होतं की मोज्याचा वळ आहे. मी पोटरीखाली उशी ठेवली, म्हणजे टाच गादीला टेकूच नये, आणि दर दोन तासांनी कूस बदलायचं वेळापत्रक कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून भिंतीला लावलं. डॉक्टरांना फोन करून दाखवायलाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आजोबांचा मुलगा ऑफिसातून आला, त्याच्या हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. अँटिबायोटिकचं इंजेक्शन, शिरेतून द्यायचं. शीशी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'सिस्टर, एवढं लावून टाका, कंपाउंडर आज येणार नाही.' मी म्हटलं, मी सहाय्यक आहे, विद्यार्थिनी आहे, मी देऊ शकत नाही. ते म्हणाले, ब्यूरोने तर ट्रेंड सिस्टर म्हणून पाठवलंय, पैसेही त्याचेच घेतलेत. त्यांनी ब्यूरोला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून मला ऐकवलं की बाकीच्या मुली देतात, तुलाच काय झालं.

शीशी माझ्या हातात होती. आजोबा माझ्याकडे बघत होते. मला द्यायला येतं, पोस्टिंगमध्ये ट्यूटरसमोर दिलेलंही आहे. एक क्षण वाटलं की देऊन टाकावं आणि हे बोलणं संपवावं. मी शीशी टेबलावर ठेवली आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये न्या म्हणून सांगितलं. ते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी ब्यूरोने येऊ नको म्हणून कळवलं. घरच्यांकडून दिवसाचे ६०० घेत होते, मला ३५० ठरले होते, त्यातला एकही रुपया अजून मिळालेला नाही.

मी बरोबर केलं ना? आई बरोबर म्हणते, पण मला तुमच्याकडून ऐकायचंय.

निवृत्त_सिस्टर | २२ जून, सकाळी ५.५५

बरोबर केलंस. पूर्णपणे बरोबर.

का ते नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी हात थरथरणार नाही. अँटिबायोटिकची रिअॅक्शन काही मिनिटांत येऊ शकते. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. रुग्णालयात तेव्हा अॅड्रिनलिन असतं, ऑक्सिजन असतो, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. त्या घरात तू होतीस, सूनबाई होत्या आणि पंखा होता. आजोबांना काही झालं असतं तर ब्यूरोने तुझं नाव पुढे केलं असतं आणि तुझी नोंदणी सुरू होण्याआधीच संपली असती.

टाचेची उशी वाचून मला फार आनंद झाला.

रात्रीचा_प्रवासी | २२ जून, सकाळी ८.४०

मी मुलगा आहे, बीएससी नर्सिंग तिसरं वर्ष, दोन वर्षं सहाय्यकाचं काम करतोय. मुलांनाही सांगतो, वजनदार आजोबांना उचलायला-फिरवायला पुरुष अटेंडंट लागतातच, लाजू नका.

फूटीकोठी ताई, पैशांसाठी त्या घरच्यांनाच फोन कर, तीन दिवस आलीस हे ते नाकारणार नाहीत. ब्यूरोकडून लेखी काही नसेल तर व्हॉट्सअॅपचे मेसेज जपून ठेव.

आणि कुठेही रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीची लस पूर्ण कर. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. मी कचरा गोळा करत होतो. सुया पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जायला हव्यात, तशी जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत स्पष्ट सोय आहे. कुणीतरी एक सुई पिवळ्या पिशवीत ड्रेसिंगच्या बोळ्यांत टाकली होती. पिशवी गाठ मारायला दाबली आणि ती अंगठ्यात गेली. मी घाबरून अंगठा पिळत बसलो, तेही चूक. पिळायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच क्षणी इन्चार्जना सांगायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं लागली तर पहिल्या दोन तासांत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. मी भीतीने संध्याकाळपर्यंत गप्प राहिलो होतो, 'नोकरी जाईल' म्हणून. तपासण्या संपेपर्यंतचे ते महिने मी घरच्यांच्या ताटाला हात लावला नाही. त्याचीही गरज नव्हती, जेवणातून काही पसरत नाही, पण समजावणारं कुणी नव्हतं. त्यामुळे मुलाखतीला गेलात की त्यांनाच विचारा: सुई टोचली तर तुमच्याकडे काय करतात? उत्तर तयार असेल तिथेच थांबा.

मालव्याची_लेक | २२ जून, दुपारी १.१०

दादा, हे आमच्या कॉलेजच्या गटावर टाकते. आमच्यातल्या अर्ध्या मुलींचे तीन डोस झालेले नाहीत.

राजेंद्रनगरकर | २२ जून, रात्री ८.१५

एक कुटुंब म्हणून कबूल करतो, आम्हीही पहिल्या वर्षी अटेंडंटला 'सिस्टर' म्हणायचो आणि तिच्याकडून इन्सुलिन टोचून घ्यायचो. ती नाही म्हणू शकत नव्हती, हे आज तुमचं वाचून कळलं. आता इन्सुलिन माझी बायको डॉक्टरांकडून शिकून स्वतः देते.

फूटीकोठीची_मुलगी | ५ जुलै, रात्री १०.२०

काम मिळालं. नंबर लिहून घेतला होता त्यातल्याच एका नर्सिंग होमने बोलावलं. घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं. शनिवारी दोन ते आठ, रविवारी सकाळी आठ ते रात्री आठ. मेट्रनबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, इंजेक्शन देतेस का? मी म्हटलं, नाही, नोंदणी होईपर्यंत नाही. त्या म्हणाल्या, मग ये. मी सुईचं विचारलं, तर त्यांनी भिंतीवर लावलेला कागद दाखवला, त्यावर कुणाला फोन करायचा तेही लिहिलेलं आहे. लसीचा दुसरा डोस माझा राहिला होता, तो काल घेतला. प्राचार्यांनी लेखी परवानगी दिली, हजेरी ८५ च्या खाली गेली तर काम बंद या अटीवर. शिष्यवृत्तीचा अर्जही भरला.

आजोबांच्या सूनबाईंना फोन केला होता. त्यांनी माझे पैसे स्वतःच्या खिशातून दिले, ब्यूरोचं आम्ही बघू म्हणाल्या. टाचेचा डाग गेलाय. वेळापत्रक अजून भिंतीवर आहे, रात्री दोनची कूस आता त्यांचे यजमान बदलतात.

पहिल्या रविवारी अकरा पेशंटचं स्पंजिंग केलं, आयाबाईंबरोबर. त्या एकवीस वर्षं तिथे आहेत. चादर कोपऱ्यात दुमडायची त्यांची पद्धत कॉलेजपेक्षा वेगळी आहे आणि खरं सांगायचं तर जास्त घट्ट बसते.

सिस्टर, नाडी मोजताना मोबाइल काढायला तिथे मनाई आहे. सेकंदकाट्याचं घड्याळ स्वस्तात कुठे मिळेल?

निवृत्त_सिस्टर | ६ जुलै, सकाळी ६.०५

विकत घेऊ नकोस. माझं छातीला अडकवायचं घड्याळ कपाटात पडून आहे, चालतं. लोकमान्य नगरात राहते, पत्ता तुला निरोपातून पाठवते. शुक्रवारी पाचनंतर ये, आणि मेडिकल सर्जिकलची वही बरोबर आण. बघू कुठपर्यंत झालंय.